कलेची पुस्तके आणि आपले प्रश्न

दरवर्षी कॉलेज सुरू झाले की एखादा विद्यार्थी तासानंतर मागे थांबतो आणि विचारतो, "सर, चित्र समजायला कुठलं पुस्तक वाचू?" विचारताना त्याचा आवाज खाली गेलेला असतो. कविता, कथा, आत्मकथन यांवर आपली मुले हक्काने बोलतात. चित्र-शिल्पाचा विषय निघाला की मात्र हा प्रांत आपला नव्हे, असे धरून चालतात. मीही तसाच होतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या दोन तसबिरी होत्या. पण त्यांनाही कलेचा इतिहास असतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. ज्या पुस्तकांनी माझे हे दडपण घालवले, त्यांची ओळख येथे करून देतो.

सुरुवात जॉन बर्जर यांच्या 'वेज ऑफ सीइंग'पासून करावी. १९७२ साली बीबीसीवर झालेल्या चार भागांच्या मालिकेतून हे छोटे पुस्तक तयार झाले. त्यातील सात निबंधांपैकी तीन निबंधांत शब्दच नाहीत, नुसती चित्रे आहेत. तेव्हा इंग्रजीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. अठराव्या शतकातील इंग्लिश चित्रकार गेन्सबरो याने काढलेले अँड्र्यूज पतिपत्नीचे चित्र त्यात आहे. झाडाखाली ते दोघे, बाजूला कापलेले शेत आणि पेंढ्या. रसिक त्यात निसर्गप्रेम पाहतात. बर्जर दाखवून देतात की, ही दोघे त्या जमिनीचे मालक आहेत आणि मालकीचा तोरा त्यांच्या चेहऱ्यावर आहे. हे चित्र मी वर्गात दाखवले तेव्हा शेतमजुराची एक मुलगी म्हणाली, "मग पेंढ्या कुणी बांधल्या?" चित्रात एकही मजूर नाही. कलेचा अभ्यास येथून सुरू होतो.

त्यानंतर गॉम्ब्रिच यांचे 'द स्टोरी ऑफ आर्ट' घ्यावे. १९५० साली निघालेले हे पुस्तक गुहाचित्रांपासून आधुनिक चित्रांपर्यंतची वाट सोप्या भाषेत दाखवते. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री चित्रकार नव्हती. म्हणून त्याच्या जोडीला लिंडा नॉक्लिन यांचा १९७१ चा निबंध वाचलाच पाहिजे. थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत, या प्रश्नाला त्यांनी प्रतिभेच्या अंगाने उत्तर दिले नाही. दारे कोणी बंद केली होती, हे दाखवले. नग्न मॉडेलवरून मानवी देहाचा अभ्यास हा युरोपीय चित्रकलेचा पाया होता आणि अकादमींनी स्त्रियांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो जवळजवळ नाकारलेला होता. केटी हेसेल यांनी २०२२ साली 'द स्टोरी ऑफ आर्ट विदाउट मेन' लिहून गॉम्ब्रिच यांच्या मथळ्यालाच उत्तर दिले. "तुमच्यात चित्रकार का नाहीत?" असे आपल्याला विचारले जाते, तेव्हा नॉक्लिन यांची ही रीत कामी येते.

डिझाइनकडे वळताना एक छोटा अहवाल सुचवतो. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतातील सर्व वस्तूंत त्यांना आपला साधा लोटा सर्वांत सुंदर वाटला. तो कुणा एकाने नव्हे, पिढ्यान् पिढ्यांनी घडवला, हे त्यांनी ओळखले. मग ते विचारतात : पाणी किती मावावे? हातांचा आकार व बळ किती? डोक्यावरून न्यायचा की कमरेवर? दुसऱ्याला देताना काय वाटेल? प्रश्नांची ही यादी डिझाइनचा उत्तम धडा आहे.

पण ती वाचताना मला आजी आठवली. ती सांगे, "तांब्या वरून धरायचे, आपली ओंजळ खाली. भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत." लोट्याची धार तिला पुरती ठाऊक होती, त्याचा घाट हाताला कसा लागतो, हे मात्र ठाऊक नव्हते. लोट्याला कोणी शिवायचे, हा प्रश्न त्या यादीत नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर तोच प्रश्न उभा होता. म्हणून पुस्तक नाकारायचे नाही; त्यातील यादीत आपला प्रश्न आपण लिहायचा.

आता घराजवळ येऊ. विद्या दहेजिया यांच्या 'अर्ली बुद्धिस्ट रॉक टेम्पल्स' (१९७२) या ग्रंथात शिलालेखांच्या अक्षरवळणावरून पश्चिम भारतातील लेण्यांचा काळ ठरवला आहे. लेणी राजांनी खोदली असे आपण शाळेत घोकतो. शिलालेख वेगळे बोलतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसेच दाराचे काम करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. हातांनी काम करणाऱ्याचे नाव दगडावर यावे, ही गोष्ट साधी नाही.

शेवटी गॅरी मायकेल टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेले 'दलित आर्ट अँड व्हिज्युअल इमेजरी' (२०१२) वाचावे. ते वाचल्यावर आमच्या घरातील त्या दोन तसबिरी मी पुन्हा पाहिल्या. १९५६ च्या धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांतून बुद्धाची नवी प्रतिमा रुजली, चौकाचौकांत बाबासाहेबांचे पुतळे उभे राहिले. हाही कलेच्या इतिहासाचाच भाग आहे, हे त्यात अभ्यासाने मांडले आहे.

ही पुस्तके महाग आहेत. म्हणून शिक्षक-मित्रांना विनंती, की आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या मागणीयादीत ती घालावीत. आणि कार्ल्याला सहल गेलीच तर खांबांवरील हत्ती पाहून झाल्यावर मुलांना सामी सुताराचे नाव शोधायला लावावे.