नेमबाजाचा डोळा आणि बंदुकीचा दस्ता

ट्रॅप व स्कीट या ऑलिंपिक प्रकारांत हवेत उडणारी, 110 मिलिमीटर व्यासाची तबकडी शॉटगनने फोडायची असते. या बंदुकीच्या नळीच्या टोकाला मणी असला तरी मागे रायफलीसारखी खाच नसते, म्हणून ते काम नेमबाजाच्या डोळ्यालाच करावे लागते आणि गाल दस्त्यावर टेकताच डोळा नळीच्या सरळ रेषेत यावा लागतो. दस्त्याची वरची कड ठेंगणी असल्यास डोळा खाली राहून छर्रे तबकडीखालून जातात. मात्र दस्ता मापाचा असूनही नेम चुकत असेल, तर प्रबळ डोळा, म्हणजे दिशा ठरवताना मेंदू ज्याला झुकते माप देतो तो डोळा, तपासावा: उजव्या खांद्यावरून बार टाकणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असल्यास छर्रे डावीकडे भरकटतात. चष्म्याच्या डाव्या काचेवर बाहुलीसमोर धूसर चिकटपट्टीचा तुकडा लावणे हा स्वस्त उपाय; नवशिक्याने मात्र खांदाच बदललेला बरा.