वाढप्याने वाढले, बिलही वाढले!

पोरगी बारावी पास झाली आणि घरात ठराव मंजूर झाला : रविवारी बाहेर जेवायचे, तेही ए.सी. हॉटेलात! मी मेनूकार्ड उजवीकडून वाचले. (आपल्यापैकी पुष्कळजण तसेच वाचतात; आधी भाव, मग भाजी.) मनात बेरीज केली, खिसा चाचपला. बाराशेत भागत होते.

बसतो न बसतो तोच वेटरने विचारले, "साहेब, मिनरल की साधं?" आता कधी नव्हे ते कुणी 'साहेब' म्हटल्यावर साधे पाणी मागायला जीभ रेटते काय? दोन बाटल्या आल्या. भाव पन्नास रुपये बाटली! आणि इथे हॉटेलवाल्याला बोलायची सोय नाही. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा आणि सेवाही देते, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे.

मग बिल आले. जेवण आणि पाणी १२४० रुपये. त्याखाली सर्व्हिस चार्ज दहा टक्के, १२४. त्या दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी पाच टक्के, ६८ रुपये २० पैसे. एकूण १४३२!

आईने चष्मा सावरला. "सर्व्हिस म्हणजे सेवा ना? कसली रे सेवा? चमचा पडला तो मी उचलला. लिंबू तीनदा मागितलं. ताटंसुद्धा मीच एकावर एक रचली!"

"जाऊ दे आई, लोक बघतात," मी कुजबुजलो. आपले हे नेहमीचेच. दिवसभर घाम गाळून मिळवलेले पैसे, आणि ते कशाचे कापले हे विचारायची लाज आपल्यालाच!

पोरगी मात्र उठली. जीएसटी सरकारी कर आहे, तो देऊ, म्हणाली. पण सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे, तो मालकाच्या गल्ल्यात जातो. तो बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचेच म्हणणे उचलून धरले. मॅनेजर दोनदा म्हणाला, "आमचा नियम आहे." तिने ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर लावायला मोबाईल काढला. नियम तिथेच विरघळला. नवे बिल आले १३०२ रुपयांचे. मी ते तीनदा तपासले. बाटल्यांचे शंभर काही कमी झाले नव्हते.

निघताना आईने कमरेची पिशवी सोडून वीसची नोट वेटरच्या हातावर ठेवली. "हे तुझे. त्या कागदावरचे तुला मिळतात का रे कधी?"

त्याने आधी गल्ल्याकडे पाहिले, नोट खिशात घातली आणि बडीशेपेची वाटी पुन्हा भरून आणली.