नोकर वाईट, की धनी आंधळा?

दिवाळी तोंडावर आली की कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून बोनसची कुजबूज सुरू होते. यंदा किती, कोणत्या तारखेला, एवढ्या चर्चेवर पंधरवडा निघतो. पण रक्कम पदरात पडल्यावर चहाच्या टपरीवर जो विषय निघतो तो निराळाच. "त्यालाही तेवढाच आणि मलाही तेवढाच!" हा 'तो' कोण, हे त्या घोळक्यात कुणाला सांगावे लागत नाही. दहा माणसांच्या दुकानात तो असतो, हजार माणसांच्या कारखान्यातही असतो.

या बाबतीत कायद्याची फारशी मदत होत नाही. बोनसचा हक्क कोण गमावतो ते १९६५ सालच्या बोनस कायद्याने सांगितले होते. लबाडी, कामाच्या जागी दंगा वा मारहाण, चोरी, अफरातफर किंवा घातपात यांपायी जो बडतर्फ झाला तो. आळशाचे नाव त्या यादीत नव्हते. आमच्या मते ते योग्यच होते. आळशी कोण हे शेवटी धनीच ठरवणार, आणि धन्याच्या नजरेवर सगळे सोपवावे इतकी ती नजर भरवशाची असती तर हा लेख लिहावाच लागला नसता.

एक प्रयोग करून पाहा. कोणत्याही मालकाला विचारा, तुमच्याकडे सर्वांत वाईट नोकर कोण? तो उशिरा येणाऱ्याचे नाव सांगेल, उलट बोलणाऱ्याचे सांगेल, एखाद्या युनियनवाल्याचे तर नक्कीच सांगेल. मग तोच प्रश्न त्या कचेरीतील जुन्या शिपायाला विचारा. तो इकडेतिकडे पाहील आणि हळू आवाजात भलतेच नाव घेईल. साहेबांना जो त्रास देतो तो एक, आणि कामाला जो त्रास देतो तो दुसरा. या दोघांची गल्लत झाली की चांगली माणसे निघून जातात आणि नको ती राहतात.

खिळ्यांच्या छापखान्यांच्या काळातील गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका छापखान्यात एक जुना कंपोझिटर होता. हाताला वेग असा की पोरे पाहत उभी राहत. पुढे पुढे त्याच्या मजकुरात चुका वाढू लागल्या. रुकार, वेलांट्या, अनुस्वार, सगळाच घोळ. मालकाने पगार कापला, चारचौघांत बोल लावले, शेवटी "उद्यापासून येऊ नका" म्हणण्यापर्यंत पाळी आली. तेव्हा एका प्रूफवाचकाच्या ध्यानात आले की चुका सगळ्या बारीक टाइपाच्याच आहेत. मोठ्या अक्षरांच्या मथळ्यांत एकही नाही! गृहस्थांना चाळिशी लागली होती आणि चष्म्याचे पैसे मुलीच्या लग्नात गेले होते. चष्मा आला, चुका गेल्या.

म्हणून पहिला प्रश्न हा की याला येत नाही, याला जमत नाही, की याला करायचेच नाही? येत नसेल तर शिकवावे. घरच्या आजारपणाने, डोळ्यांनी, कर्जाने जमत नसेल तर वाट काढावी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचा अंदाज तर असा होता की १०० अडचणींपैकी ९४ व्यवस्थेच्या असतात, आणि व्यवस्था सुधारणे हे वरच्यांचे काम. हा आकडा काट्यावर तोलून घेण्याचा नव्हे; पण शिव्या देण्यापूर्वी आठवण्यासारखा खास आहे.

आता उरला तो 'करायचेच नाही' वाला. हा गर्दीत सुखाने नांदतो. रथ ओढताना दोराला नुसता हात लावून "हरहर महादेव" सर्वांत मोठ्याने म्हणणारे आपण पाहतोच. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने हे मोजूनच पाहिले. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकटा माणूस दोर ओढताना जेवढा जोर लावतो, त्याच्या जेमतेम निम्माच जोर आठ जण मिळून ओढताना माणशी पडला. त्यात मेळ न बसण्याचाही भाग होता. तरी हात राखणारेही होतेच. यावर उपाय साधा आहे. कोणते काम कोणाचे, हे नावानिशी ठरलेले असावे. 'सर्वांनी मिळून करा' हा हुकूम आळशाला दिलेली भरपगारी रजाच होय.

पण आळशी माणूस फार तर काम बुडवतो. पेढी बुडवणारा निराळा असतो, आणि तो बहुधा साहेबांचा लाडका असतो.

लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ सालची. राजघराण्याची खाती तिच्याकडे. १९९२ साली तिने निक लीसन नावाचा पंचविशीतला तरुण सिंगापूरला धाडला. हा पोरगा सौदे करी आणि त्या सौद्यांची नोंद ठेवणारी कचेरीही तोच सांभाळी. म्हणजे गल्ल्यावरही तोच आणि खतावणीवरही तोच! तोटा झाला की तो ८८८८८ या क्रमांकाच्या खात्यात दडपायचा आणि लंडनला नफ्याचे आकडे कळवायचे, असा क्रम चालला. लंडनचे साहेब खूश. एवढा नफा येतो कुठून, हे विचारून रंगाचा बेरंग कोण करणार? ऑगस्ट १९९४ मध्ये बँकेच्याच तपासनिसांनी लिहून दिले की एका माणसाच्या हाती दोन्ही कामे असणे धोक्याचे आहे. कागद वाचला गेला आणि राहिला. १७ जानेवारी १९९५ ला जपानात कोबेचा भूकंप झाला, बाजार कोसळला, आणि फेब्रुवारीअखेर तोट्याचा आकडा बाहेर आला: सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंड! २३३ वर्षांची पेढी एका डच कंपनीने अवघ्या एका पौंडाला घेतली. लीसनला सिंगापूरच्या न्यायालयाने साडेसहा वर्षांची शिक्षा दिली.

आपल्याकडे हे शहाणपण गडांवर फार पूर्वीपासून नांदत होते. शिवकालात गडाचा कारभार हवालदार, सरनौबत, सबनीस आणि कारखानीस यांत वाटलेला असे. किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर ही माणसे ठराविक वर्षांनी बदलत राहावीत असेही सांगितले आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. इमानदार माणसाला तर उलट त्याचा आधारच वाटतो. तेव्हा वर्षानुवर्षे एक दिवसही रजा न घेणारा आणि आपल्या कपाटाची किल्ली कुणाला न देणारा कॅशियर दिसला तर त्याचा सत्कार जरूर करावा. पण त्याआधी त्याला पंधरा दिवस सक्तीने गावी पाठवावे.

तसाच आणखी एक लाडका असतो. धंदा आणतो, पण हाताखालच्या बायकामुलींना नकोसे करून सोडतो. "जाऊ द्या हो, माणूस कामाचा आहे," असे म्हणण्याची सोय आता नाही. २०१३ सालच्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक केले आहे. इथे दम धरण्यात शहाणपण नाही.

बाकीच्यांच्या बाबतीत दम धरावा, पण मुक्याने नव्हे. आमच्या साहेबलोकांची रीत विचित्र आहे. नऊ वर्षे गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मारतात, कारण वाईट लिहिले तर त्याच्याशी बोलावे लागेल. दहाव्या वर्षी एकदम माथे फिरते आणि त्याला काढायला निघतात. न्यायाधिकरण विचारते, मागील नोंद काय? मागील नोंद 'चांगला'! दुसरी पळवाट बदलीची. ठाण्याचे खोटे नाणे नाशकाला आणि नाशकाचे नगरला. नाणे खोटे ते खोटेच राहते, फक्त ते ज्याच्या गळ्यात पडते तो माणूस बदलतो.

बोलावे लवकर, एकांतात, आणि मोघम बोलू नये. "तुमचे लक्ष नसते" या वाक्याचे कोणी काय करावे? "सोमवारचे पत्र गुरुवारी गेले, त्यामुळे ऑर्डर गेली" हे त्याला कळते. मग मुदत द्यावी आणि ती तारीख कागदावर लिहावी. तरीही फरक नसेल तर रीतसर मार्गाने जावे: लेखी आरोप, खुलाशाला संधी, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी, आणि दोषाच्या मानाने शिक्षा. सरकारी नोकराला हे संरक्षण घटनेच्या ३११ व्या कलमाने दिले. कारखान्यांसाठी १९४६ सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्याने अशीच वाट आखून दिली होती. मालक मंडळी या वाटेला कंटाळतात. पण त्या चष्म्यावाचून अडलेल्या कंपोझिटरची रीतसर चौकशी झाली असती तर बारीक टाइपाची गोष्ट पहिल्याच बैठकीत बाहेर आली असती!

माणूस सुधारतो का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधायला विलायतेस जाण्याची गरज नाही. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरची कल्पना आणि राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. तिथे राहत होते शिक्षा झालेले कैदी, आणि भिंत नव्हती. त्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. व्ही. शांतारामांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कथा त्याच मुलखातल्या माडगूळकरांची. मात्र एक गोष्ट चित्रपट पाहून आलेले लोक विसरतात. तिथे नुसता विश्वास नव्हता. पहाटे उठून करायचे काम होते, आणि ते झाले की नाही हे रोज पाहणारा माणूसही होता.