विश्लेषण : शाळेतील पुस्तके कपाटाबाहेर कशी येणार?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास पेण-रोह्यात पाऊस ठाण मांडतो. भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून ग्रंथालयाचे कपाट बंदच ठेवलेले बरे असे अनेकांना वाटते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. पण तोवर कातकरी वाड्यांवरील अनेक मुले आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर निघून गेलेली असतात. म्हणजे मुले शाळेत असतात तेव्हा कपाट बंद आणि कपाट उघडते तेव्हा मुले नाहीत. सहावी ते आठवीच्या मुलांना वाचनाकडे वळवायचे, तर या वेळापत्रकाचा विचार आधी करावा लागतो.

सहावी ते आठवीचाच प्रश्न वेगळा का?

पहिली-दुसरीत वाचायला शिकवले जाते, चित्रांची पुस्तके हाताळायला मिळतात. नववी-दहावीत परीक्षा मानगुटीवर बसते. मधली तीन वर्षे कोणाच्याच हिशेबात नसतात. त्यातच शाळा बदलते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला, पाचवीला किंवा सातवीला संपते आणि मूल पेण किंवा रोहा शहरातल्या, नाहीतर मोठ्या गावातल्या हायस्कूलमध्ये जाते. त्याला काय आवडते हे ज्या गुरुजींना वा बाईंना ठाऊक होते, ते मागेच राहतात.

‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या आठवीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये ७३ टक्के होते, २०२२ मध्ये ते ६९.६ टक्क्यांवर आले. याचा अर्थ आठवीच्या वर्गात दहापैकी तीन मुलांना साधा उतारा जड जातो. अशा तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात ससा-कासवाचे पुस्तक दिले तर तो वर्गासमोर ओशाळतो आणि जाडजूड कादंबरी दिली तर दुसऱ्या पानावर थांबतो. त्याला हवे असते सोपी भाषा पण मोठ्यांचा विषय असलेले पुस्तक : साप, क्रिकेट, भुते, यंत्रे, चित्रकथा. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठी हीच आधी एक पायरी असते. ‘बालभारती’चे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक याच वयासाठी आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या छापूनही घेता येतात.

कायदा आणि निधी काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तिथे वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि पहिली ते आठवीच्या शाळेला १३ हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. पन्नास ते शंभर रुपयांची पुस्तके घेतली तर दहा हजारांत शंभर ते दोनशे येतात. रक्कम मोठी नाही, पण निरुपयोगीही नाही; फक्त आयते संच न घेता निवड मुलांना विचारून व्हायला हवी. ग्रंथपालाचे पद मात्र जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नसते. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाकडेच कपाटाची किल्ली असते.

मग कपाटाला कुलूप का लागते?

कारण पुस्तक हरवले तर जबाबदार कोण, हा प्रश्न. तपासणीत नोंदवही आणि कपाट जुळले पाहिजे, ही भीती खरी आहे. या बाबतीत केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांकडे पाहण्यासारखे आहे. वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवणे त्यात वाजवी मानले आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. जिल्हा परिषदेच्या शाळांना हा नियम आपोआप लागू होत नाही. पण असेच लेखी आश्वासन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून मिळाले, तर निम्मी कुलुपे निघतील. फाटलेले पुस्तक हे वापरलेले पुस्तक असते, हे तपासणाऱ्यानेही मान्य करायला हवे.

शिक्षकांनी नेमके काय करायचे?

राज्यात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन होतो. अलीकडे ‘महावाचन उत्सव’ही आला. त्या दिवशी फोटो निघतात, ते वरती पाठवले जातात. पण सवय एका दिवसात लागत नाही. आठवड्यात एक तास ठरलेला हवा आणि तो गणिताच्या उजळणीसाठी उसना घेतला जाऊ नये. शिक्षकाने गोष्ट मोठ्याने वाचायला घ्यावी आणि ऐन रंगात थांबावे. पुढचे वाचण्यासाठी पुस्तकावर उड्या पडतात. पुस्तके दोरीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी लावावीत. देवघेवीची वही सातवीच्या मुलामुलींकडे द्यावी.

वाचल्यावर सारांश लिहायला लावणे मात्र टाळलेलेच बरे. फ्रेंच लेखक व शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यात पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही आहे. आपल्याकडे तो मुलांना क्वचितच मिळतो.

पावसाळ्याचे म्हणाल, तर लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर ठेवावे, पुस्तके दाटीने कोंबू नयेत, उघडीप मिळाली की दारे उघडावीत. आणि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ती मुलांच्या हातात फिरती ठेवणे. रोज उघडल्या जाणाऱ्या पुस्तकाला बुरशी सहसा धरत नाही.

वीटभट्टीवर गेलेल्या मुलांचे काय?

पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे लहानपणी वडिलांकडे बडोद्याला गेले आणि तिथल्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून उभारलेल्या त्या ग्रंथालय व्यवस्थेचा एक भाग होता फिरत्या पेट्यांचा : पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव जात आणि परत येत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत नेल्या, त्या याच वाटेने.

स्थलांतरित मुलाला गाव सोडताना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. ते दाखवले की नव्या ठिकाणच्या शाळेत बसता येते. त्या कार्डासोबत चार पुस्तके द्यायला वेगळ्या शासन निर्णयाची गरज नाही. भट्टीवर दहा-पंधरा कुटुंबे एकत्र असतात. प्रत्येक मुलाने वेगळी चार नेली, तर तिथे चाळीस पुस्तकांची पेटी आपोआप तयार होते. पावसाआधी कुटुंबे परततात तेव्हा काही पुस्तके चिखल-मातीने माखलेली असतील, काही येणारही नाहीत. जूनमध्ये त्यांची नोंद ‘वापरात जीर्ण’ अशी करायची आणि नव्या अनुदानातून त्या जागी दुसरी घ्यायची.