किती वाजता नेणार?

फूलवाल्या दादांचा पहिला प्रश्न हा असतो. कोण गेलं, हे ते नंतर विचारतात. पुण्यातल्या एका जुन्या पेठेतला हा छोटा गाळा. समोर येऊन कुणी हलक्या आवाजात "एक हार पाहिजे" म्हटलं की दादांना तेवढ्यावरून कळतं. सत्यनारायणाचा हार मागणारा माणूस आधी भाव विचारतो, मयताचा हार मागणारा विचारत नाही. मग दादा हातातली सुई बाजूला ठेवतात आणि एकेक विचारत जातात. बाप्या की बाई? वय काय? सवाष्ण होत्या का? माळकरी होते का? घरूनच वैकुंठ स्मशानभूमीत, की मध्ये कुठं दर्शनाला ठेवणार? समोर उभा असतो तो बहुतेक वेळा भाचा, जावई नाहीतर शेजारी. घरातलं सख्खं माणूस फुलांना सहसा येत नाही. त्यामुळे निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याला माहीत नसतात आणि तो तिथूनच घरी फोन लावतो.

या गाळ्यात मागच्या बाकड्यावर बसून, शेवंतीची देठं खुडायला हात लावत मी बऱ्याच सकाळी काढल्या आहेत. फुलांची भाषा म्हणून जे काही छापून येतं, पांढरं म्हणजे शांती, लाल म्हणजे प्रेम, ते इथं फारसं कामाला येत नाही. इथं आधी वेळ बघतात, मग गेलेल्या माणसाला कसं ठेवणार ते, मग घरची रीत. रंग त्यानंतर.

वेळेचं गणित सरळ आहे. दोन तासांत नेणार असतील तर मोगरासुद्धा चालतो. मुलगा परदेशातून निघालाय आणि उद्या दुपारपर्यंत थांबायचंय असं कळलं, तर दादा मोगऱ्याला हात लावत नाहीत. थंड पेटीवर ठेवलेला मोगरा रात्रीतून तपकिरी पडतो आणि सकाळी दर्शनाला आलेल्या माणसांना आधी ती मलूल फुलं दिसतात. अशा वेळी शेवंती घ्यायची. पांढरी शेवंती दिवसभर मान टाकत नाही. सोबत गुलछडी, म्हणजे निशिगंध. हारात ओवायची ती एकेरी पाकळीची, वासाची. दुहेरी गुलछडीच्या काड्या फुलदाणीत छान दिसतात, पण त्यांना वास कमी असतो. निशिगंधाची कळी संध्याकाळी उमलते आणि रात्री तिचा दरवळ वाढतो. बंद खोलीत रात्रभर बसलेल्या माणसांना त्या वासाचा केवढा आधार होतो, हे तशी रात्र काढलेल्यांना सांगावं लागत नाही.

माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटे येतो. गुलछडी यवत-दौंडकडून, ॲस्टर आणि शेवंती पुरंदरच्या गावांतून. ॲस्टरची जुडी, गुलाबाची गड्डी, डच गुलाब वीस नगांच्या हिशोबात, शेवंती किलोवर. मयताचा म्हणून वेगळा माल नसतो. लग्नाच्या आणि देवाच्या हाराला लागतो तोच. बांधणी मात्र वेगळी.

दादा शेवंती ओवायला लागले की बघत राहावं. दाभणासारखी लांब सुई, तिच्यात पदरी सुती दोरा. फूल देठाकडून घेतात आणि दुसऱ्याच्या पाठीला पाठ लावून सरकवतात, म्हणजे हार दोन्ही अंगांनी भरीव दिसतो. बोटभर शेवंती झाली की गुलछडीचा एक पट्टा, पुन्हा शेवंती. लग्नाचा हार खाली गोंडा लावून बंद करतात. इथं गोंडा नाही, आणि वरचं तोंड मोकळं सोडतात. निजलेल्या माणसाच्या मानेखालून हार घालायचा तर डोकं उचलावं लागतं, आणि ते कुणाकडूनच नीट होत नाही. मोकळ्या तोंडाचा हार छातीवरून दोन्ही बाजूंना नुसता ठेवता येतो. लांबीही बेताची. फार लांब, फार जड हार लगेच पायाशी सरकवला जातो, कारण पुढचा माणूस येतो त्याला चेहरा बघायचा असतो. "चेहरा मोकळा राह्यला पाहिजे," दादा म्हणतात, आणि भारीतला जाडजूड हार मागणाऱ्यालाही ते मध्यम हार आणि सुट्या पाकळ्यांचा पुडा घ्यायला सांगतात.

गिऱ्हाईक लिंगायत घरचं असेल तर हा सगळा हिशोब उलटतो. तिथं देह बसवतात, विभूती लावतात, विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून नेतात. बसलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडतो तसा पडतो, म्हणून तो लांब आणि पूर्ण बांधलेला, सोबत बेलाची पानं. माळकऱ्याच्या घरची मागणी साधी असते. गळ्यातली तुळशीची माळ आहे तशीच राहते, वर ताज्या तुळशीचा हार, आणि बुक्का. तुळशीचा हार ओवायला वेळ फार लागतो. मंजिऱ्यांची कोवळी शेंडी दोऱ्यात दाबली की तुटते, म्हणून दादा सुई बाजूला ठेवून गाठी मारत जातात. त्याचे पैसे मात्र शेवंतीच्या हारापेक्षा कमीच घेतात.

बायकांची फुलं दादांच्या आईकडे. सगळी पेठ त्यांना आजी म्हणते. सवाष्ण गेली की हिरवी साडी, चुडा, हळदकुंकू, ओटी, आणि डोक्यात वेणी. ही वेणी आजी स्वतःच करतात. केळीच्या सोपटाचा दोर भिजवून घेतात. वेणी आडवी, पसरट, कारण अंबाड्यावर माळायची नसून कपाळाच्या वर केसांवर ठेवायची असते. एका सकाळी कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी आली. तिची आजी गेली होती. सगळं घेऊन झाल्यावर ती घुटमळली आणि म्हणाली, "आजीला मोगरा फार आवडायचा. पण आजोबा आधीच गेलेत. गजरा चालेल का?" घरात कुणीतरी नको म्हटलं असणार, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आजींनी पाटीतला मोगरा ओढला, दोन हात लांब गजरा केला, पानात बांधून तिच्या हातात दिला. "डोक्यात घालू देत नसतील तर हातात गुंडाळ तिच्या. तू घाल. कोण काय बोलत नाय." पैसे घेतले नाहीत. नवरा गेल्यावर फुलं सोडलेल्या कितीतरी बायका आपल्या घरांत होऊन गेल्या, आणि निदान शेवटच्या दिवशी तरी त्यांचं आवडतं फूल त्यांना मिळायलाच हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. रीत सांभाळायची ती माणसाला दुखावण्यासाठी नव्हे.

जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दादा "या हं" म्हणतात. मयताचा हार घेऊन जाणाऱ्याला म्हणत नाहीत. नुसती मान हलवतात.

पुष्पचक्र हवं असेल तर दादा सरळ कॅम्पात पाठवतात. तिथं एक ख्रिस्ती कारागीर आहेत, त्यांना सगळे अंकल म्हणतात. हार ओवतात, चक्र टोचतात, आणि टोचण्याआधी बैठक करावी लागते. अंकल अजून जुन्या पद्धतीची करतात. बांबूच्या कामटीचं कडं, त्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून बांधायचा, वर मोरपंखी आणि कामिनीच्या पानांचा थर असा बसवायचा की पेंढा कुठं दिसता कामा नये. मग फुलं. कार्नेशन आणि शेवंतीच्या देठाला बारीक काडी बांधून ती तिरकी खोचतात. सरळ खोचली तर पेटी खांद्यावर घेताना सुटून पडते. शेवटी लिली. तळेगावच्या पॉलिहाऊसमधून येणारं हे लिलियम अंकल अर्धं मिटलेलंच घेतात आणि उमलायला लागलं की आतले परागकोश चिमटीने एकेक काढून टाकतात. तो केशरी पराग पांढऱ्या कापडावर पडला तर डाग जात नाही. पाण्याने पुसायला गेलं की आणखी पसरतो. पेटीतल्या पांढऱ्या साटिनवर, गेलेल्या माणसाच्या शर्टावर असा डाग राहू नये म्हणून एवढी मेहनत. चुकून पडलाच, तर चिकटपट्टीने अलगद उचलायचा, हे त्यांनीच शिकवलं.

आता बहुतेक दुकानांत पेंढ्याच्या जागी हिरवा फोम आला आहे. ओॲसिस म्हणून ओळखला जाणारा हा फोम 1954 साली अमेरिकेत निघाला. पाणी धरून ठेवतो, फुलं टिकतात, काम पाऊण वेळात होतं, हे सगळं खरं. पण तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा प्लास्टिक पदार्थ आहे. चुरा होतो आणि मातीत तसाच राहतो. थडग्यावर ठेवलेलं चक्र पावसाळ्यात कुजून मातीला मिळावं हीच त्याची रीत असताना खाली हिरव्या चुऱ्याचा थर साठत जातो. अंकल यावर वाद घालत नाहीत. पेंढा आणतात आणि बांधतात. मुलाचं चक्र असेल तर लहान कडं, सगळं पांढरं, आणि नावाची रिबन लावायची की नाही हे ते आईवडिलांना न विचारता पाद्रींना विचारतात.

मुसलमान घरी फुलं न्यायची तर आधी कुणा जवळच्याला विचारावं. कुठं कबरीवर गुलाबाची चादर आणि सब्जा घालतात, कुठं फुलं अजिबात चालत नाहीत. दोन्ही घरं एकाच गल्लीत असू शकतात.

हार ओवताना दादांना मी एकदा सांगितलं की झेंडू, निशिगंध आणि पांढरा चाफा ही तिन्ही आपली शेवटची फुलं मुळात मेक्सिकोकडची. आपण ती इतकी आपलीशी केली की देवाला, लग्नाला, मयताला त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्या देशात नोव्हेंबरच्या 1 आणि 2 तारखेला गेलेल्या माणसांचा सण असतो, आणि त्यांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरून वाट करतात. दादांना हे पटकन पटलं. आपल्याकडे पितृपक्षात मात्र झेंडूचा भाव पडतो. मार्केट यार्डात दर वर्षी ते पंधरा दिवस मंदीचे, कारण श्राद्धाला भडक आणि उग्र वासाची फुलं चालत नाहीत. केवडा नको, कण्हेर नको, बकुळ नको. तुळस, माका आणि पांढरी फुलं तेवढी चालतात. शेताच्या बांधावर कुणी बघणार नाही असा उगवणारा माका त्या पंधरवड्यात जुडी बांधून विकायला येतो.

वैकुंठात काय होतं ते बघितल्यावर किती फुलं घ्यावीत याचं उत्तर मिळतं. विद्युतदाहिनीत देह जाण्याआधी हार उतरवतात. एखाद्या मोठ्या माणसाचे चाळीस-पन्नास हार दहा मिनिटांत कडेला ढिगात पडतात, त्यांतल्या जरीच्या लड्या, प्लास्टिकची चकचकीत पानं आणि नायलॉनचा दोरा सगळं एकत्र. निर्माल्याचं खत करायचं म्हटलं तर ते कुणालातरी हाताने सोडवावं लागतं. सुती दोऱ्यातला एक हार घरचा, आणि बाकी सगळ्यांनी मिळून सुटी फुलं, ही माझ्या मते सगळ्यात चांगली निवड. ओंजळभर पाकळ्या वाहायला नातवंडंही पुढे येऊ शकतात. हार घालायला फक्त मोठी माणसं येतात.

दिवस झाल्यावर, तेराव्यानंतर, दादांकडे वेगळी गिऱ्हाइकं येतात, रोपं मागायला. राख नदीत न सोडता शेतात टाकून झाड लावायची पद्धत आता गावोगाव दिसते, आणि ती चांगली आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. राखेत आणि अस्थींत क्षार असतात, आणि आपल्याकडची काळी जमीन आधीच विम्ल, म्हणजे अल्कधर्मी. सगळी राख एका खड्ड्यात ओतून वर आंब्याचं कलम लावलं तर कोवळी मुळं जळतात आणि वडिलांच्या नावाचं झाड पहिल्याच वर्षी वाळतं. घरच्यांना ते फार लागतं. म्हणून दादा सांगतात की राख शेतभर पातळ पसरा, खड्ड्यात मूठभरच, तीही शेणखत आणि मातीत नीट कालवून, आणि एक-दोन पाऊस झाल्यावर रोप लावा.

शेत नसलेल्यांना ते पांढऱ्या चाफ्याची फांदी देतात, तीही ताजी तोडलेली नाही. हातभर फांदी तोडून चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवलेली असते. ओलीच लावली तर कुजते. कुंडीत लावली की सुरुवातीला पाणी अगदी बेताचं द्यायचं, पानं फुटली की वाढवायचं. मागं एकटंच म्हातारं माणूस राहिलेल्या घरी न्यायची असेल, तर दादा छोटी कुंडी निवडतात, उचलून उन्हात सरकवता येईल अशी, आणि फांदीला आधाराची काडी स्वतः बांधून देतात.