कुडूला किती मोठी गोळी लागते?

१९०७ साली जिम कॉर्बेटने कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला संपवलं. तिच्या नावावर ४३६ बळी लागले होते. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी खूश होऊन कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. वाघाच्या शिकाऱ्याला द्यायची म्हणजे चांगली जाडजूड दुनळी असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती लंडनच्या रिग्बी कंपनीची सडपातळ, हलकी, एकनळी .२७५ होती. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी बसवून तिच्यावर प्रसंगाचा मजकूर कोरला होता. या रायफलीत जे काडतूस बसतं, तेच आफ्रिकेत स्प्रिंगबॉकपासून कुडूपर्यंतच्या हरणासारख्या जनावरांसाठी आजही निवडलं जातं. तिकडे ते ७×५७ माउझर या नावाने ओळखलं जातं, इतकाच फरक. जर्मन काडतूस इंग्रज गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचं तर इंग्रजी नाव हवं, हे रिग्बीने बरोबर ओळखलं होतं.

हे काडतूस जन्मलं सैन्यासाठी. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाउल माउझरच्या कारखान्यात ते तयार झालं आणि १८९३मध्ये स्पेनच्या लष्कराने स्वीकारलं. आफ्रिकेत त्याचं बस्तान बसवलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या शेतकरी लोकांनी. १८९५ संपता संपता जेमसन नावाच्या इसमाने सशस्त्र टोळी घेऊन ट्रान्सवालवर धाड घातली. ती फसली, पण इंग्रजांचा डाव काय आहे ते अध्यक्ष पॉल क्रूगर यांना कळून चुकलं. त्यांनी जर्मनीतून सुमारे ३७ हजार माउझर रायफली मागवल्या. १८९९ ते १९०२च्या युद्धात या रायफलींनी ब्रिटिश फौजांना जेरीस आणलं. त्यात बंदुकीइतकाच नेमबाजांचाही वाटा होता. बोअर शेतकऱ्याचा हात लहानपणापासून उघड्या माळावरच्या हरणांवर बसलेला. पुढे युद्ध संपलं, पण काडतूस तिथेच रुजलं.

कोणत्या जनावराला कोणतं काडतूस, हा प्रश्न आफ्रिकेत भारतापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे, कारण तिथल्या अँटिलोपांचा पसारा अफाट आहे. अँटिलोप म्हणजे आपल्या काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि नीलगाय यांचे भाऊबंद. यांची शिंगं कायमची असतात, सांबर-चितळासारखी दरवर्षी गळून पडत नाहीत. आफ्रिकेत यांच्या सत्तरेक जाती आहेत. एका टोकाला पाचेक किलोचा डिक-डिक, ससा बरा म्हणावा एवढासा. दुसऱ्या टोकाला इलंड, ज्याचा पूर्ण वाढलेला नर ९०० किलोपर्यंत जातो, म्हणजे चांगल्या दोन बैलांचं वजन. मधे ४० किलोच्या आतबाहेरचा स्प्रिंगबॉक, ४० ते ७५ किलोंचा इंपाला, दोनशे किलोंच्या घरातला भाल्यासारख्या शिंगांचा गेम्सबॉक, अडीचशे किलोंपर्यंतचा निळा विल्डबीस्ट आणि पिळदार शिंगांचा कुडू. एकाच रायफलीने हे सगळं साधायचं, असा शिकाऱ्याचा हट्ट असतो. बंदूकवाल्यांचा धंदाही या हट्टावरच चालतो.

जुन्या काळी याला उत्तर एकच होतं, मोठ्यात मोठी बंदूक. इंग्रज शिकारी फ्रेडरिक सेलूस १८७१मध्ये आफ्रिकेत आला; सुरुवातीच्या वर्षांत हत्तींच्या मागावर त्याच्या हातात ४-बोअरच्या बंदुका होत्या. एक पौंड शिशात ज्याच्या चार गोळ्या होतात तो ४-बोअर. तोंडातून काळी दारू ठासायची आणि बार उडवायचा. धक्का असा की माणूस मागे फेकला जावा. हत्ती त्याला मिळाले, पण त्या बंदुकांनी मज्जातंतू खिळखिळे झाले आणि नेम कायमचा बिघडला, अशी तक्रार सेलूसने पुढे स्वतःच केली. तक्रार आजही जशीच्या तशी लागू पडते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटणारा आणि खांदा आखडणारा शिकारी सफारीवाल्यांना नवा नाही.

धूर न होणारी दारू आली आणि गणित बदललं. गोळी बारीक झाली, वेग वाढला आणि तांब्याच्या किंवा पोलादाच्या आवरणामुळे ती खोल जाऊ लागली. याचा कळस गाठला तो वॉल्टर बेल या स्कॉटिश माणसाने. युगांडातल्या करामोजा भागात हिंडला म्हणून ‘करामोजो’ बेल. त्याने आयुष्यात हजाराच्या वर हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक याच .२७५ने. मेलेल्या हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. आजच्या वाचकाला हे वाचताना कसंसंच होईल, आणि ते स्वाभाविक आहे. बेलची नक्कल करायला गेलेल्या कित्येकांना हत्तीने चिरडलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण बेलची गोळी कुडूवर चालत नाही. ती पूर्ण आवरणाची, टणक, न पसरणारी. हत्तीच्या कवटीतून सरळ आत जायला ती ठीक. हरणाच्या फासळ्यांतून तीच गोळी सुईसारखी आरपार निघते आणि जनावर कोसभर पळत सुटतं. अँटिलोपला लागते मऊ टोकाची गोळी. टोकाला शिसं उघडं, मागे तांब्याचं आवरण. आत शिरली की पसरते आणि फुप्फुसं निकामी करते. ती पसरावी, पण फुटून विखरू नये. जास्त वेगाच्या काडतुसांत हीच अडचण आली. वेगवान गोळी जवळून खांद्याच्या हाडावर आदळली की वरच्या वरच फुटायची. १९४६मध्ये जॉन नॉस्लर या अमेरिकन माणसाला कॅनडात मूसच्या शिकारीत हाच अनुभव आला. त्याने गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा शाबूत राहून खोल जातो. १९४८पासून ‘पार्टिशन’ या नावाने ती विकली जाते. रायफलींच्या गप्पांत नळीवर आणि दस्त्याच्या अक्रोडी लाकडावर तासन्‌तास बोललं जातं. जनावराला भेटते ती फक्त गोळी, तिच्याबद्दल मात्र दोन वाक्यं.

काडतूस तळहातावर घेऊन पाहिलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. ७×५७ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि ५७ मिलिमीटर लांबीची पितळी पुंगळी. गोळीसकट सगळं मिळून ७८ मिलिमीटर. त्याच्या शेजारी .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम ठेवलं तर थोरला भाऊच. लांबी ९१ मिलिमीटर, आणि पुंगळीच्या बुडाशी पितळेचाच एक उंच कडं. या पुंगळीचा खांदा इतका उतरता आहे की ती नळीच्या खोबणीत नेमकी कुठे थांबायची ते त्या कड्यावर ठरतं. हे काडतूस १९१२चं. ७×५७ची ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास निघते, तर .३७५ची साडेएकोणीस ग्रॅमची गोळी साडेसातशेच्या पुढे. ऊर्जेचा हिशेब केला तर दुसरी पहिलीच्या दुप्पट भरते.

आणि हा हिशेब काही देशांत कायद्यानेच घातलेला आहे. नामिबियात स्प्रिंगबॉकसाठी गोळीची किमान ऊर्जा १३५० ज्यूल हवी. कुडू, गेम्सबॉक, हार्टबीस्ट, विल्डबीस्ट, इलंड यांच्यासाठी २७०० ज्यूल. रानम्हैस आणि हत्ती यांच्यासाठी ५४०० ज्यूल. ७×५७ दुसरी पायरी जेमतेम चढतं. अमेरिकन .३०-०६ आरामात चढतं. तिसरी पायरी .३७५ला जमते, म्हणूनच आफ्रिकेत एकच रायफल न्यायची तर ती .३७५, असं जुने लोक सांगत आले. इंपालालाही ती चालते. मांसाची नासाडीही फार होत नाही, कारण गोळी जड आणि वेग बेताचा.

.३०-०६ हे १९०६चं अमेरिकन लष्करी काडतूस. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्षपद सोडून १९०९मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले तेव्हा शिकारीसाठी बदलून घेतलेली स्प्रिंगफील्ड रायफल त्यांच्यासोबत होती. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली, बरीचशी स्मिथसोनियन संग्रहालयासाठी. १९३३-३४च्या सफारीत अर्नेस्ट हेमिंग्वेकडेही स्प्रिंगफील्डच होती, न्यू यॉर्कच्या ग्रिफिन अँड होने घडवलेली. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ या त्याच्या १९३५च्या पुस्तकाचा कणा म्हणजे कुडूचा पाठलाग. ते वाचताना कळतं की कुडूच्या शिकारीत खरा कस पायांचा आणि डोळ्यांचा लागतो; रायफलीचं काम शेवटच्या काही सेकंदांचं.

या यादीत जर्मनांचं ९.३×६२ विसरता येणार नाही. बर्लिनचा बंदूकवाला ओटो बॉक याने १९०५मध्ये ते काढलं, जर्मन वसाहतींतल्या शेतकऱ्यांसाठी. इंग्रज साहेबाची दुनळी त्यांच्या ऐपतीबाहेरची होती. साध्या माउझर ९८मध्ये बसणारं, स्वस्त, इलंडला पुरून उरणारं काडतूस त्यांना हवं होतं, ते बॉकने दिलं.

माउझर ९८ची घडण हा वेगळाच कौतुकाचा विषय. बोल्टच्या बाजूला पोलादाची एक लांब पट्टी, तिच्या टोकाला नखी. पेटीतून काडतूस वर येता क्षणीच ही नखी त्याच्या बुडाची खाच पकडते आणि पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरली, घाईत बोल्ट अर्धवट मागेपुढे झाला, तरी काडतूस निसटत नाही. हरणाच्या शिकारीत ही चैन वाटेल. पण झाडीत कुडूच्या मागावर असताना समोर रानम्हैस उभी राहू शकते, अशा मुलखात चैन कशी म्हणायची?

नेम कुठे धरायचा, हा भाग बाहेरून येणाऱ्यांना नव्याने शिकावा लागतो. युरोप-अमेरिकेतला शिकारी हरणाच्या खांद्यामागे नेम धरतो. आफ्रिकन अँटिलोपचं हृदय त्यामानाने पुढे आणि खाली, दोन्ही पुढच्या पायांच्या मधे असतं. म्हणून वाटाड्या सांगतो: आडवा उभा असेल तर पुढच्या पायाची रेघ धरून वर ये, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांब. त्यासाठी तीन काठ्यांची तिकाटी उभी करून तिच्यावर रायफल टेकवतात. गोळी वीतभर मागे गेली तर पोटात, आणि मग रक्ताच्या थेंबांवरून दिवसभर पायपीट. विल्डबीस्ट तर चिवटपणासाठी बदनामच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुतेक खाजगी रानांचा नियम असा की रक्त सांडलं की जनावर सापडो न सापडो, पूर्ण पैसे भरायचे.

झाडीत पन्नास-शंभर मीटरवर बार टाकायचा असतो, तिथे बोथट टोकाची जड गोळी चांगली. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या उघड्या माळावर स्प्रिंगबॉक दोन-अडीचशे मीटरवर उभा, तिथे टोकदार आणि हलकी. जड गोळी फांद्या कापत जाते ही समजूत मात्र भाबडी आहे. काटकीला लागलेली कुठलीही गोळी वाट सोडते.

हे सगळं वाचून मुळात मारायचंच कशाला, असं विचारणारे वाचक असणारच. भारताने १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर पडदा टाकला, केनियाने १९७७मध्ये. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेने उलटी वाट धरली. शेतमालकाला आणि गावाला जनावरांपासून उत्पन्न मिळू दिलं. यातलं बरोबर कोण, हा वाद इथे मिटणारा नाही. जिथे शिकार चालते तिथे जनावर जखमी होऊन तडफडू नये, एवढ्यापुरता काडतुसाचा प्रश्न दोन्ही बाजूंना महत्त्वाचा वाटायला हरकत नाही.

तेव्हा निवाडा असा. इंपालापासून कुडूपर्यंत ७×५७ किंवा .३०-०६ पुरे, गोळी मात्र चांगल्या बांधणीची हवी. इलंड यादीत असेल तर ९.३×६२ किंवा .३७५ घ्यावी. याहून मोठ्या मॅग्नमवर खर्च करण्यापेक्षा तेवढ्या पैशांत सरावाची काडतुसं घेतलेली बरी. शंभराहून अधिक वर्षं उलटली तरी ही चारही काडतुसं कारखान्यांत बनतात आणि दुकानांत मिळतात.