बॅरेक नंबर, रूम नंबर आणि आगंतुक कोट

उल्हासनगरचा पत्ता सहसा एका ओळीत मावत नाही. बॅरेक नंबर, रूम नंबर, सेक्शन, कॅम्प नंबर, जवळची खूण आणि शेवटी 421001 ते 421005 पैकी एक पिन. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहिली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. बराकींचे आकडे मात्र पत्त्यांत टिकून राहिले. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांच्या जागी प्लॉट नंबर येतो, बदलापूरच्या नव्या संकुलांत विंग आणि फ्लॅट.

जीन्सची पार्सलं पाठवणारे असोत, फर्निचरवाले असोत की सोसायटीचे सेक्रेटरी, असे पत्ते बहुतेक जण एक्सेलच्या एकाच सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारत ओळीखाली ओळ लिहितात. शीटवर ते छान दिसतात. तेच सेल कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकले की प्रत्येक पत्त्याच्या आगेमागे डबल कोट उगवतात. पार्सलच्या लेबलवर किंवा व्हॉट्सअॅपच्या यादीत कोणालाच ते नको असतात.

हे कोट येतात कुठून?

साध्या मजकुराला सेल, चौकट, रंग यातलं काहीच कळत नाही. म्हणून कॉपी करताना एक्सेल दोन कॉलमांच्या मध्ये टॅब घालतं आणि प्रत्येक रांग संपली की नवी ओळ सुरू करतं. सेलच्या आतच ओळ तोडलेली असेल तर ही नवी रांग की जुन्याच सेलची पुढची ओळ, असा गोंधळ होईल. तो टाळायला एक्सेल तो सेल डबल कोटांत बांधतं. आतल्या मजकुरात आधीच डबल कोट असेल तर तो दुप्पट करतं. गुगल शीट्समध्येही असे कोट येतात. कॉलमची रुंदी कमी पडल्यामुळे ‘रॅप टेक्स्ट’ने खाली घसरलेली ओळ मात्र निव्वळ दिसण्यापुरती असते. तिच्यामुळे कोट येत नाहीत.

कोट पुसून टाकण्यातला धोका

नोटपॅडमध्ये ‘रिप्लेस ऑल’ करून सगळे कोट उडवणं सोपं वाटतं. पण जीन्सच्या कमरेचं 32" किंवा टेबलाचं 48" हे माप याच चिन्हाने लिहिलेलं असतं. कोटांबरोबर इंचही जातात.

एक्सेलच्या ‘क्लीन’ फंक्शनचा धोका याहून मोठा. ते ओळ तोडणारं अदृश्य अक्षर काढतं, पण त्याच्या जागी काहीच ठेवत नाही. पहिली ओळ ‘रूम नं. 12’ आणि दुसरी ‘4 नंबर कॅम्प’ असेल, तर हाती येतं ‘रूम नं. 124 नंबर कॅम्प’. असं पार्सल घेऊन निघालेला डिलिव्हरीवाला रूमही चुकणार आणि कॅम्पही.

मग करायचं काय?

एकच पत्ता हवा असेल तर त्या सेलवर एफ-2 दाबा. कर्सर मजकुराच्या शेवटी येतो. तिथून कंट्रोल-शिफ्ट-होम दाबून मजकूर निवडा आणि कॉपी करा. सेलऐवजी त्यातला मजकूर उचलल्यामुळे कोट येत नाहीत.

पुष्कळ पत्ते हवे असतील आणि त्यांच्या ओळीही तशाच ठेवायच्या असतील, तर ते आधी वर्डमध्ये पेस्ट करा. तिथे त्यांचा तक्ता होतो. तो तक्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका.

प्रत्येक पत्ता एका ओळीत हवा असेल तर शीटची एक प्रत काढून त्या प्रतीवर काम करा. पत्त्यांचा कॉलम निवडा, कंट्रोल-एच दाबा, ‘फाइंड व्हॉट’च्या चौकटीत कंट्रोल-जे दाबा आणि ‘रिप्लेस विथ’मध्ये स्वल्पविराम आणि एक स्पेस द्या. पहिली चौकट रिकामीच दिसेल, पण ओळ तोडणारं अक्षर तिथे बसलेलं असतं. काम झालं की ती चौकट बॅकस्पेसने साफ करा. नाहीतर पुढच्या वेळी साधं नाव शोधतानाही एक्सेल ‘सापडलं नाही’ म्हणत राहील.

जुन्या विंडोजवर ओळी एकमेकींना चिकटल्या तर दोष नोटपॅडचा असू शकतो. सेलमधली ओळ तोडायला एक्सेल 10 क्रमांकाचं एकच अक्षर वापरतं. नोटपॅडला मात्र नव्या ओळीसाठी 13 आणि 10 अशी जोडी लागत असे. एकटा 10 ओळखायला ते 2018 मध्ये शिकलं. मराठी नावं असलेली फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये ‘यूटीएफ-8’ निवडलेलं आहे ना, हेही पाहा. ‘एएनएसआय’ असेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

हे सगळे उपाय जुन्या शीटसाठी. नवी शीट करताना बॅरेक, रूम, सेक्शन, कॅम्प, खूण आणि पिन यांना वेगवेगळे कॉलम द्या. मग कॅम्पनुसार यादी लावता येते, पिननुसार पार्सलं वेगळी काढता येतात आणि कोटांचा प्रश्नच उरत नाही. भरताना दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण पत्ता एका सेलमध्ये कोंबू नका.